देवकाबाईच्या घराखालची भिंत

"मातीले थांबव, पान्याले जाऊ दे."

उदेलाल रहांगडाले हे इतक्यांदा म्हणायचा, की तो समोरून येताना दिसला की माणसं त्याच्याआधीच म्हणून टाकत. तो रागवायचा नाही. उलट, "आता समजलं ना?" असं विचारून पुढे जायचा.

उदेलाल आमच्या गावचा पोवार शेतकरी. थोड्या धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, एक बैलजोडी आणि कुठलीही वस्तू उचलण्याआधी थोडं थांबणारे हात, एवढी त्याची मालमत्ता. भिंत बांधायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कोहमाऱ्याजवळ सडकेच्या मोरीचं काम निघालं, तेव्हा उन्हाळाभर तो तिथे दगड वाहत होता. दुपारी बाकीचे मोहाच्या सावलीत आडवे होत, हा भिंतीसमोर बसून राही. मिस्त्रीनं भिंतीत मधूनमधून भोकं कशाला सोडली, हे त्याला कळेना. विचारायची लाज वाटली. मग पावसाळ्यात, काही काम नसताना, तो भिजत पुन्हा तिथवर चालत गेला आणि त्या भोकांतून मागच्या मातीतलं पाणी शांतपणे गळताना पाहून परत आला. अशी त्याची शाळा.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा गावानं बोडी खोल केली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. गुरं, धुणं, धान, सगळं तिच्या भरवशावर. बोडी खोल झाली आणि तिच्या काठावरची उंच माती ढासळू लागली. त्या उंचवट्यावर देवकाबाईचं घर होतं. नवरा नाही, लेकरू नाही. दुसरं घर नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरी राहायचा स्वभावही नव्हता.

"उदेलाल, माह्या घराखालची माती बोडी खाऊन राहिली. तू काय नुसता पाहून राहिला?"

"मोजून राहिलो, मावशी."

"मी पान्यात गेल्यावर मोजनं संपन काय तुयं?"

धान कापून झालं तसा उदेलालनं गाडा जुंपला. नाल्यातून काळा दगड आणला. गावानं हात लावला, पण प्रत्येक दगड बसवला त्यानंच. लांब दगड आडवा धरून त्याची शेपटी मातीत खोल घालायचा. मागे बारीक गोटे भरायचा, मोरीसारखी मधूनमधून भोकं सोडायचा. भिंत सरळ उभी न करता काठाच्या अंगाला जराशी रेलती ठेवायचा.

गावचा पंच छोटेलाल बोडीच्या पाळीवर म्हणजे बांधावर उभा राहून म्हणाला, "काऊन गा उदेलाल, भित उतानी झोपवली?"

"मातीच्या खांद्याले खांदा द्याचा हाय, छोटेलालभाऊ. ताठ उभं राहून कोनी खांदा देते?"

भिंत उन्हाळ्यात पुरी झाली. आता बोडीचं लग्न लावायचं होतं. आमच्याकडे बोडी खोदली की मधोमध लाकडी खांब रोवून तिचं लग्न लावतात. त्याशिवाय तिचं पाणी देवाला चालत नाही. अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त ठरला. बायका गाणी म्हणत आल्या आणि जशी घराची भिंत लिपतात तशी त्यांनी उदेलालची भिंत शेणामातीनं लिपली, वरून पांढऱ्या छुईमातीची बोटं ओढली. पुढे होती देवकाबाई. दगडांतली भोकं तिनं स्वतःच्या हातानं धानाचं वाळलं तणस आणि चिखल कोंबून गच्च बुजवली. लग्नघराच्या भिंतीला भोकं बरी दिसतात का? शिवाय साप येतील ते वेगळंच.

उदेलाल आला, त्यानं पाहिलं. सगळा गाव भिंतीकडे पाहत होता. नवरीपेक्षा भिंत साजरी, असं कुणीतरी म्हणालं. भोकं नंतर उकरू, असं उदेलालनं मनाशी ठरवलं. मग नांगरणी आली, परे म्हणजे धानाची रोपं आली, रोवणा म्हणजे त्यांची लावणी आली, आणि उकरणं राहून गेलं.

श्रावणात झड लागली. एका सकाळी देवकाबाईच्या अंगणात भेग दिसली, घराला समांतर, दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाली भिंतीचं पोट बोडीकडे फुगलं होतं. देवकाबाई दारात बसून राहिली. तिला बाहेर काढायला आलेल्यांना म्हणाली, "घर जाईन तर मी कोठी जाऊ? बसू द्या मले."

छोटेलालनं लाकडाच्या लांब बल्ल्या मागवल्या. "टेके लावा भितीले, लवकर."

उदेलाल लोखंडाची पहार, सब्बल, घेऊन धावत आला होता. "पोट फुगलेल्या मानसाले टेका लावून बरं वाटते काय, भाऊ? मांग पानी कोंडलं हाय."

"मंग कोनं कोंडलं?"

उदेलालनं देवकाबाईकडे पाहिलंही नाही. "मले दिसलं होतं. भित साजरी दिसून राहिली होती, म्हनून मी बोललो नाही. माही चूक हाय."

तो बोडीत उतरला. कमरेएवढ्या पाण्यात, फुगलेल्या भिंतीच्या अगदी समोर. भिंत आली असती तर आधी त्याच्यावर आली असती. त्याच्या मागे कुणी उतरलं नाही. तो खालच्या रांगेतलं एकेक भोक हातानं चाचपायचा, लिपण फोडायचा, सब्बल आत घालून तणस ओढायचा. पहिल्यातून नुसता चिखल आला. दुसऱ्यातून मनगटाएवढी लाल धार सुटली. मग भिंतभर धारा लागल्या. वरून देवकाबाई खाली आली आणि काठालगतच्या भोकांतला चिखल बोटांनी उकरू लागली. तिला कुणी हटकलं नाही.

शेवटचं भोक फोडताना टोकाचा एक दगड निसटून उदेलालच्या पायावर आला. तो दोन्ही हातांनी भिंतीला धरून उभा राहिला, मग पुन्हा सब्बल उचलली. दुपारपर्यंत धारा लाल होत्या, मग गढूळ झाल्या, मग स्वच्छ. भिंतीचं पोट गेलं नाही, पण वाढायचं थांबलं. अंगणातली भेग होती तेवढीच राहिली. घर उभं राहिलं.

"टोक कच्चं हाय," उदेलाल काठावर येऊन म्हणाला. "धान निघाल्यावर सोडवून नव्यानं बसवतो. तोवर आतल्या खोलीत झोपजो, मावशी."

देवकाबाईचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. ती म्हणाली, "तुया पाय पाहू दे."

"बांधीत पानी जास्त झालं असन," तो म्हणाला आणि सब्बलीचा आधार घेत पाळीवरून निघाला. डावा पाय टेकत नव्हता. छोटेलाल भिजलेल्या बल्ल्यांवर बसून त्याच्याकडे पाहत होता. देवकाबाई पाण्याच्या काठाशी उभी होती. उदेलाल धानाच्या हिरव्यात दिसेनासा झाला तरी तिनं हात धुतले नव्हते.