किमचीच्या फ्रिजातलं शिखे

१८ ऑक्टोबर २०१३, शुक्रवार. ऊन, वारा कोरडा. कोंगीचे वजन ३ किलो ४१० ग्रॅम. चार दिवसांत फक्त वीस ग्रॅम वाढ. दोयॉनने मियोकचे सूप अर्धे टाकले. बेसिनचा नळ गळत होता, वॉशर बदलला. ह्यांच्या वर्षदिनासाठी शिखे केले. तीन डबे. किमचीच्या फ्रिजात ठेवले.

कोंगी म्हणजे माझी नात. पोटात होती तेव्हा तिला शेंगेतला दाणा म्हणायचो, तेच नाव तोंडात बसलं. खरं नाव अजून ठरत नव्हतं. त्या महिन्यात आमच्या घरात काहीच ठरत नव्हतं.

तसं पाहिलं तर दोयॉन, माझी सून, चटकन ठरवणारी बाई. उल्जिनच्या खेकडे पकडणाऱ्या कोळ्याची मुलगी, पण पोहायला शिकली ती शाळेच्या तलावात. समुद्राला अजून भिते. देगूच्या म्युनिसिपल तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवते. लग्नाचा हॉल तिने एका दुपारी ठरवला, माझ्या मुलाला, क्युजिनला, तर त्याहूनही लवकर ठरवला असावा. दंड असे, की लोणच्याची बरणी माझ्याकडून उघडली नाही की मी तिलाच हाक मारते.

ही बाई बाळंतपणानंतर दोन आठवडे बाळंतीणगृहात राहिली आणि तिथून वेगळीच होऊन आली. तिथे खोलीतला फोन वाजायचा, "कोंगीची आई, पाजायला या." सगळ्या आया गुलाबी झग्यात ओळीने बसायच्या. पाजण्याआधी बाळाचं वजन, पाजल्यावर पुन्हा वजन, आणि फरक पांढऱ्या फळ्यावर. शेजारच्या खोलीतलीचे ऐंशी ग्रॅम. दोयॉनचे पंधरा. कधी वीस.

"आई, पोहण्याच्या शर्यतीतसुद्धा मी कधी शेवटची आले नव्हते," ती मला म्हणाली होती. हसत म्हणाली, पण मी काही हसले नाही.

मग महिनाभर माझ्याकडे. स्तनाग्रं चिरलेली, एकदा ताप येऊन गेलेला. क्युजिनने पंप आणला, बाळाच्या दुधाबद्दलच्या माहितीचे कागद छापून आणले. अर्ध्या कागदांवर होतं, आईचंच दूध. उरलेल्यांवर होतं, आईने शांत राहावं. कपाटात दुधाच्या पावडरीचा न उघडलेला डबा होता. आम्ही तिघंही त्या कपाटासमोरून असे जायचो, जसा काही आत पाहुणा झोपलाय.

अठरा तारखेला बाळंतिणीचं ते समुद्री शेवाळाचं सूप टाकलं तेव्हा तिचं तोंड इतकं उतरलं होतं, की मी नुकतंच निवलेलं शिखे पेल्यात ओतलं. मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी, त्यात भात, वरून साखर आणि आलं. ह्यांच्या मृत्यूच्या वर्षदिनाचं असलं तरी थोडं काढायला काय हरकत?

"घे गं, गोड आहे."

तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि एका दमात प्यायली. पुढचे दोन-तीन दिवस स्वतःच काढून घेत राहिली.

रविवारी दूध अगदीच कमी झालं. कोंगी आक्रोश करत होती. क्युजिनने कपाट उघडलं, डबा फोडला. मंगळवारी वजन ३ किलो ५२०. माझ्या वहीत ती ओळ मी दोनदा तपासली.

त्याच मंगळवारी वन्सं आल्या. ह्यांची मोठी बहीण, चर्चमधलं नाव लुसिया, वय एकोणऐंशी, जीभ पंचविशीतली. सुनेला दूध यावं म्हणून डुकराचे पाय घेऊन आल्या होत्या. ते ठेवायला किमचीचा फ्रिज उघडला आणि तिथेच थबकल्या.

"वहिनी, हे दोन डबे रिकामे कसे? वर्षदिन तर परवा आहे. भाऊ येऊन पिऊन गेला की काय?"

"दोयॉनला आवडलं, वन्सं."

"दोयॉनला? बाळंतिणीला शिखे?" त्यांनी फ्रिजाचं झाकण आपटलं. "अगं, दूध तोडायला देतात ते! मी इकडे बसमधून डुकराचे पाय वाहतेय आणि तू तिकडे नळ बंद करतेयस! ननच्या शाळेत फ्रेंच गाणी शिकलीस ना? हे नाही शिकवलं वाटतं?"

मला माहीत होतं! कुणाला माहीत नसतं? मी स्वतः प्यायले होते. मग त्या संध्याकाळी मला आठवलं कसं नाही? का आठवलं होतं, आणि त्या रडक्या, चिरलेल्या पोरीकडे पाहून माझ्या हाताने परस्परच पेला भरला? आज इतक्या वर्षांनीही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

क्युजिनने मोबाईलवर शोधलं. बालरोगतज्ज्ञ म्हणाला, "आजी, याला काही पुरावा नाही." दूध यावं म्हणून छातीला मालीश करायला येणारी बाई म्हणाली, "दोन डबे? मग आता मला कशाला बोलावलंत?"

बुधवारी सकाळी दोयॉन बाटल्या उकळत होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

"दोयॉन, माझं चुकलं. ते शिखे…"

"मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"शिखेने दूध जातं ते. आमच्या उल्जिनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"मग प्यायलीस का? दोन डबे?"

तिने चिमट्याने बाटली बाहेर काढली, फडक्यावर पालथी घातली. "मला थांबावंसं वाटत होतं. पण मी थांबले असं नको होतं. शिखेनं थांबवलं तर कुणाचाच दोष नाही ना? तुम्ही पेला पुढे केलात, मला वाटलं, आईंना कळलंय." मग ती माझ्याकडे वळली. "काल तिसरा डबा काढला. झाकणापर्यंत हात गेला आणि उघडवेना. आता मला तेही कळत नाही. तुम्ही सांगा. बंद करू की पाजू?"

मी आत गेले आणि १९७४ची वही घेऊन आले. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय: हवामान, प्रकृती, केलेलं काम. मनातलं वहीत लिहायचं नाही, ते पापनिवेदनात सांगायचं. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं:

"१९ ऑगस्ट १९७४. उकाडा. सासूबाईंनी शिखे केले. चार वाट्या प्यायले. छाती कापडाने बांधली. पावडरीचा डबा उघडला. बाळ ५ किलो ९००."

त्या काळी गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा असायच्या. क्युजिन शहरात तिसरा आला. नागडा, गळ्यात नंबराची पट्टी, असा फोटो अजून दिवाणखान्यात आहे. लोक कौतुकाने म्हणायचे, पावडरीचं बाळ ते पावडरीचंच. मला अभिमान वाटला होता. नक्की वाटला होता.

"तुम्हाला पाजायचं होतं?" दोयॉनने विचारलं.

मी पान उलटलं. वीस ऑगस्ट: पाऊस, कोबी, धोब्याचे कपडे.

"आठवत नाही गं."

"अजिबात?"

"छाती दुखली होती एवढं आठवतं. पण ती दुधाने दुखली की कशाने, ते नाही लिहिलं."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आत कोंगी जागी झाली. दोयॉन तिला घेऊन खिडकीपाशी बसली, छातीशी धरलं. पाच-सहा मिनिटं चुटूचुटू आवाज आला. मग कोंगी चिडली, तेव्हा तिने बाटली माझ्या हातात दिली.

"बाकीचं तुम्ही पाजा, आई. उद्याही असंच करू. परवाचं परवा."

"हे ठरलं म्हणायचं?"

"माहीत नाही. पण एक करा. आजपासून वजन लिहू नका."

एकोणचाळीस वर्षं मी घरातल्या प्रत्येक माणसाचं वजन लिहीत आले होते. ह्यांच्या आजारपणात तर दिवसातून दोनदा. मी बरं म्हटलं. काटा गुंडाळून पलंगाखाली सारला. कोंगी बाटली ओढत होती आणि एका हाताने माझं बोट घट्ट धरून होती. तिला कशाचाच फरक पडत नव्हता, किंवा पडत असेल. मला सांगता येत नाही.

वर्षदिनाला वन्संनी सगळ्यांचे पेले मांडले. दोयॉनसमोर आल्यावर त्यांनी डबा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी दोयॉनकडे पाहिलं. दोयॉनने जवाच्या चहाची किटली स्वतःकडे ओढली.

"म्हणजे पाजणार?" वन्सं.

"आज तरी, आत्या," दोयॉन म्हणाली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. ढगाळ. पाहुणे सात. शिखेचा तिसरा डबा संपला. धुऊन त्यात मुळ्याची किमची भरली.