पार्बताबाई आणि बांगड्यांचं गाठोडं

अमरावतीत अंबा दरवाजाच्या आतल्या वस्तीत पार्बताबाई सुईण माहीत नाही असं घर नव्हतं. माहेर-सासर दोन्ही दर्यापूरकडचं, शेतीवाडीचं. नवरा गेल्यावर त्या भावाकडे शहरात आल्या, आणि सासूच्या हाताखाली शिकलेलं बाळंतपणाचं काम इथे चालू लागलं. उंच, हाडापेराने दणकट, तोंडात पान, आणि हसणं असं की तीन घरं पलीकडे ऐकू जावं. अडलेल्या बाईला त्या आधी हसवत. तिच्या नवऱ्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवत, सासूचा आवाज काढत. सासू दाराबाहेरच उभी असे, पण त्या वेळी पार्बताबाईंना कोण बोलणार? सरकारी दवाखाना होता, तिथे मडमा होत्या, तरी वकिलांच्या बायकासुद्धा म्हणत, आधी पार्बताबाईंना बोलवा.

अशा बाईची वाचा एका सकाळी भर बाजारात बसली.

एका घरचं बाळंतीण-बाळाचं न्हाणं आटोपून त्या परतत होत्या. समोरून किसनराव कासार येत होते, खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं. म्हातारा माणूस, बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणारा. गल्लीच्या तोंडाशी एक दांडगा तरणा गडी आडवा आला. त्याने किसनरावांना छातीवर ढकललं, ते पडले, आणि त्याने गाठोडं उचललं. पळालासुद्धा नाही. दुकानदार गादीवर बसून पाहत होते, टांगेवाले पाहत होते. पार्बताबाई तर हाताच्या अंतरावर होत्या. ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच त्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"काय पाहून राहिली बुढे? घरी जाय."

आणि पार्बताबाईंनी मान खाली घातली.

तो गेल्यावर सगळे धावले. पार्बताबाईंनी किसनरावांना उठवून ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं, फुटक्या काचा गोळा केल्या. म्हातारा नुसता हाताचं कोपर चोळत राहिला. बाई चौकीवर जाऊन आल्या. तिथल्या शिपायाने विचारलं, कोण होता, कुठला होता? ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते. त्या दिवशी भावजयीने वाढलेली भाकरी त्यांच्याने खाववली नाही. आपण एवढ्या दणकट बाई, एवढा आपला आवाज, आणि वेळेला गळ्यातून हूं निघालं नाही, हेच त्यांना पुन्हापुन्हा लागत होतं.

पुढे काही दिवसांनी भर दुपारी दारात एक माणूस हात जोडून उभा राहिला. बायको कालपासून अडली होती, पहिलटकरीण होती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पार्बताबाईंनी वर पाहिलं. तोच. त्याने काही त्यांना ओळखलं नाही. वाटेने त्यांनी नाव विचारलं. उकंडा, म्हणाला, आणि डोळे पुसले. आत्ताच याला गाठोड्याचा जाब विचारावा असं त्यांच्या मनात एकदा आलं, पण त्या अडलेल्या पोरीने काय केलं होतं? त्या झपाझप चालत राहिल्या.

पोरीचं नाव रुख्मिणी. ती कण्हत होती आणि तिच्या उशाशी कोपऱ्यात किसनरावांचं गाठोडं होतं. कळांच्या मधल्या वेळात तिने भाबडेपणाने सांगितलं, की आमच्या घरधन्याने बांगड्यांचा धंदा काढला. पार्बताबाईंना इतकं हसू आलं की त्या भिंतीला टेकल्या. त्यांना पाहून पोरगी हसू लागली, आणि ऊन कलायच्या आत मोकळी झाली. मुलगी झाली, चांगली रडकी.

बाळंतिणीचं सगळं नीट करून, शेजारणीला हाक मारून जवळ बसवून, पार्बताबाई लेकराला घेऊन दारात आल्या. उकंडाने ते घेऊन छातीशी धरलं. बाईंना लुगडं देतो, साखर वाटतो, असं काहीबाही बोलू लागला.

"मले लुगडं नको," त्या म्हणाल्या. "ते गाठोडं उचल अन् माह्यासंगं बाजारात चाल. ज्याचं त्याले देऊन ये."

तेव्हा कुठे त्याने त्यांना ओळखलं. चेहरा उतरला. मग पुटपुटला, "मावशी, लोक पायतीन."

"त्या दिवशी बी पाहूनच राहिले होते. मी बी त्यातलीच."

लेकरू आत निजवून दोघं निघाली. पुढे बाई, मागे गाठोडं घेतलेला उकंडा. दुकानदार गादीवरून उठून उभे राहिले. त्याला येताना पाहून किसनराव घराच्या ओट्यावरून उठून आत पळाले आणि त्यांनी दाराला कडी घातली. पार्बताबाईंना बाहेरून बराच वेळ समजूत घालावी लागली. शेवटी दार किलकिलं झालं, उकंडाने गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. किसनरावांनी घाबरून पाय मागे घेतले, मग हळूच पुन्हा पुढे केले.

उकंडा काही त्या दिवसापासून देवमाणूस झाला नाही. पण त्या बाजारात त्याने पुन्हा कुणाला हात लावला नाही, आणि पार्बताबाई दिसल्या की पोरीला कडेवर घेऊन लांबूनच रामराम करी.

गोष्ट मात्र वाढत गेली. शेजारच्या बडनेऱ्याला पोचेपर्यंत त्या गोष्टीत पार्बताबाईंनी उकंडाला मुसळाने झोडपलं होतं. कुणी तसं बोललं की त्या पान थुंकून सांगत, "मारलं-गिरलं काही नाही बाप्पा. मी तं भ्याली होती." लोकांना ते खोटं वाटे. मग त्या किसनरावांच्या कडी घालण्याची नक्कल करून दाखवत, बायका पोट धरून हसत, आणि तेवढ्यात कुठून तरी बोलावणं आलं की पार्बताबाई पदर खोचून उठत.