एका बाहीचा ब्लाउज

लतिकाकाकू टाचण्या ओठांत धरतात. बोलायचं झालं तरी काढत नाहीत.

चहा उभ्यानं पितात.

दोरा दातानं तोडतात. कात्री हाताशीच असते.

फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. "हं, बोल" म्हणतात. पलीकडे औषधाच्या दुकानातला अनोळखी माणूस असला तरी.

कुणाचा जुना ब्लाउज दंडात घट्ट झाला तर म्हणतात, "कापड आटलं गं." नायलॉन असलं तरी.

देवाला वाहिलेलं फूल कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. मागच्या काचेच्या दाराशी, घराच्या आत, तुळशीची कुंडी आहे. बाहेरच्या उन्हात ती टिकत नाही. निर्माल्य त्या कुंडीत ठेवतात. सुकलं की मातीत मिसळतात.

आणि मांजर कापडावर बसलं तर शिवण थांबवतात. ते उठेपर्यंत. मग दुपार गेली तरी चालते.

मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आले ती एम.ए. झाल्यावर, लग्न करून. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. इथे गाडी नसली की दूधसुद्धा आणता येत नाही. आमच्या घरापासून तिसरं घर काकूंचं. पहिल्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या. "किराणा आणायला चाललेय. बस गाडीत." दोन वर्षं मी त्यांच्या गाडीत बसतेय.

काका, म्हणजे जगन्नाथ सबनीस, पाइपलाइनचे इंजिनिअर होते. आता रिटायर्ड. काकूंनी बावीस वर्षं ह्यूस्टनमधल्या एका लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात काम केलं. मागच्या खोलीत. नवरीमुलींचे गाऊन आत घेणं, बाहेर सोडणं, घेर वर करणं. गुडघ्यांवर बसून. गुडघे तिथेच गेले, असं त्या सांगतात. तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

मांजर अंतराचं. अंतरा त्यांची मुलगी. बारा वर्षांची असताना तिनं हट्ट करून आणलं. डॉक्टरांच्या कागदावर नाव पेपर. काकूंनी घरात आणल्याबरोबर त्याचं मिरी केलं. अंतरा शिकली, दूर बॉथेलला एका बायोटेक कंपनीत लागली. मिरी इथेच राहिली. आता सोळा वर्षांची आहे.

"मला नकोच होतं हे प्रकरण," काकू म्हणतात. मिरी तेव्हा बहुतेक त्यांच्या मांडीवर असते.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. श्रावणी शुक्रवार. जिवतीचा कागद देव्हाऱ्यात लावला होता. पुरण होतं. गणपतीसाठी माझा ब्लाउज शिवायचा होता, त्याची मापंही त्याच दिवशी द्यायची होती. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी फुलं घेतली. निशिगंध शोधत होते. दुकानात तो नव्हता. पांढऱ्या लिली होत्या, मोठ्या, वासाच्या. मला वाटलं, देवीला आवडतील.

काकूंनाही आवडल्या. "किती ताज्या आणल्यास!" त्यांनी त्या जिवतीसमोर ठेवल्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी निर्माल्य काढलं आणि तुळशीच्या कुंडीत ठेवलं. नेहमीसारखं. मिरी त्या काचेपाशीच झोपते.

रविवारी सकाळी फोन आला. काकू "हं" म्हणाल्या नाहीत, "बोल" म्हणाल्या नाहीत. "गिरिजा, ये."

मिरीनं तीनदा उलटी केली होती. पाण्याच्या वाडग्यापुढे मान खाली घालून बसली होती. पीत नव्हती. काकांनी गाडी काढली. काकू मागे बसल्या, पेटीतल्या मिरीला मांडीवर घेऊन. मी शेजारी. रविवारी उघडं असलेलं जनावरांचं हॉस्पिटल पस्तीस मिनिटांवर होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं मिरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. मिशांजवळच्या पांढऱ्या केसांवर नारिंगी पूड लागली होती. तिनं विचारलं, "घरात लिली आहेत का?"

माझ्या हातातून पाण्याची बाटली पडली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईकडे. "येस," त्या म्हणाल्या. "आय पुट देम. जिथे ही झोपते तिथे. आय डिडन्ट नो."

लिली मांजराला विष असते. पाकळी, पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मूत्रपिंडं बंद पडतात. मला माहीत नव्हतं. मी पाच वर्षं साहित्य शिकले, त्यात फुलं पुष्कळ होती.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचा आकडा, दोनच्या आत हवं; ते साडेआठ होतं. सोळा वर्षांच्या मांजराला हे झेपेलच असं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाली. चार दिवस शिरेतून सलाइन देऊन पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी अंतराला व्हिडिओ कॉल लावला. काका म्हणत होते, आधी काय होतंय ते बघू. काकू म्हणाल्या, "तिचं मांजर आहे."

अंतरा रडली. मग चिडली. "आई, लिलीज आर पॉयझन फॉर कॅट्स! एव्हरीबडी नोज दॅट. हू ब्रॉट देम?"

"मी ठेवली कुंडीत."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

"मी ठेवली म्हटलं ना. झालं."

मी फ्रिजपाशी उभी होते. कॅमेऱ्यात दिसत नव्हते. दोन पावलं टाकली असती तर दिसले असते. टाकली नाहीत.

गुरुवारी क्रिएटिनिन तीन पॉइंट सहावर आलं. काकांनी मला मेसेज केला, नुसता आकडा. पण तो तिथेच थांबला. मूत्रपिंडांचा काही भाग परत येणार नव्हता. उरलेल्यावर मिरी जगू शकली असती, अजून वर्ष, कदाचित दोन. एका अटीवर. घरी रोज सलाइन द्यायचं. कातडीखाली, सुईनं.

"आणि नाही जमलं तर?" आम्ही तिघं हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा काकूंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंना कळलं.

तिथल्या मदतनीस मुलीनं दाखवलं. खांद्यांमधली कातडी उचलायची, तिचा तंबू करायचा, सुई आत. काकूंनी सुई घेतली. सुई एका बाजूनं आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. सलाइन मिरीच्या पाठीवरून टेबलावर ओघळलं. मिरी हलली नाही. तेच काकूंना सहन झालं नाही.

काकांनी करून पाहिलं. मिरीनं त्यांना बोचकारलं. मला तर सुई पाहूनच घेरी आली. मदतनीस मुलीनं मला खुर्चीत बसवलं, मग पुन्हा मिरीकडे वळली.

"शनिवारपर्यंत ठेवून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाली. "प्रॅक्टिस करा. लिंबावर करा."

शुक्रवारी मी गेले तर ओट्यावर अकरा लिंबं होती. सगळ्यांना भोकं. काका सरबत पीत होते.

"तिसरा ग्लास," ते म्हणाले. "पेशंट वाया जाऊ नयेत म्हणून मला पाजतेय. तू घेणार?"

"अहो, गप्प बसा हो!"

"लिंबात जमतंय ना?" मी विचारलं.

"लिंबात काय, भिंतीतही जमेल. बावीस वर्षं सुया चालवल्या." काकूंनी हात पुसले. "कापडाला दुखत नाही गं."

मग त्यांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून म्हणाल्या, "चल, ब्लाउज घालून दाखव."

अंगाचा भाग जोडून झाला होता. बाह्या बाकी होत्या. मी आरशासमोर उभी राहिले. काकू मागे. ओठांत टाचण्या.

मी सकाळीच ठरवून आले होते. म्हटलं, "काकू, मी काल अंतराला फोन केला. फुलं मी आणली हे सांगितलं."

हात थांबले. "कशाला?"

"मीच आणली होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, थँक्स फॉर टेलिंग मी. मग विचारलं, आई जेवतेय का?"

काकूंनी आरशात पाहिलं नाही. "तू मोगरा आणला असतास तरी मी कुंडीतच ठेवला असता. एवढी वर्षं ठेवतेय. कधी काही झालं नाही."

"म्हणजे कापड आटलं?"

काकू हसल्या. दोन टाचण्या गालिच्यावर पडल्या. गेल्या रविवारपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी नाक पुसलं.

पाठीला ब्लाउज ढगळ होत होता. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत कापडाची घडी उचलली. मी अंग चोरलं.

"टोचेल, काकू."

"सरळ उभी राहा. एवढ्या वर्षांत एकाही नवरीला टाचणी टोचली नाही मी. रडत असायच्या, हलत असायच्या. घडी अशी उचलायची आणि..."

त्या थांबल्या. घडी अजून चिमटीत होती.

टाचणी लावली. काढली. पुन्हा घडी उचलली, पुन्हा लावली. या वेळी खूप हळू, स्वतःच्याच बोटांकडे बघत. मला काही लागलं नाही.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "उद्या नऊला निघायचंय. सरबत संपवा."

शनिवारी हॉस्पिटलमध्ये काकूंनी मिरीला टेबलावर घेऊ दिलं नाही. बुटकं स्टूल मागितलं. मिरीला त्यावर ठेवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसल्या. मदतनीस मुलगी म्हणाली, "मॅम, खुर्ची आणते." काकूंनी मान हलवली.

त्या मिरीच्या कानाशी वाकल्या. "हलू नकोस हं, नवरीबाई."

डाव्या चिमटीत घडी. सुई आत गेली. बाहेर आली नाही. खांद्यावर हळूहळू लिंबाएवढा फुगवटा आला, मग संत्र्याएवढा. काका पिशवीवरच्या रेघा वाचत होते, "साठ... ऐंशी... शंभर. बस, बस!"

काकूंनी सुई काढली. बोटानं भोक दाबून धरलं. दोरा नव्हता, तरी तो दातानं तोडायला वाकावी तशी मान वाकली. मग त्यांचं त्यांनाच कळलं.

मिरी घरी आली. त्यानंतर रोज सकाळी सलाइनची पिशवी पडद्याच्या दांडीला लटकायची, गाऊनच्या जुन्या हँगरवर. तुळस वरच्या खिडकीत गेली. निर्माल्याची टोपली गॅरेजमध्ये, खिळ्याला उंच. लिलीची काडी दिसली तरी काका ओरडणार, असं ठरलं.

मिरी थोडं खायची. सगळं नाही. पण दिवसभर बाथरूमच्या गार फरशीवर पडून असायची. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, आकड्यांपेक्षा तिच्या सवयींकडे लक्ष ठेवा. जुन्या सवयी परत आल्या की समजा, तिला बरं वाटतंय.

काकू रोज दुपारी शिवणाच्या टेबलावर माझं कापड पसरून ठेवायच्या. मशीन न लावता. नुसतं पसरलेलं. संध्याकाळी घडी घालायच्या. मी विचारलं नाही. मला ब्लाउजची घाई नव्हती. पण गणपती जवळ आले.

आदल्या शनिवारी मी गेले तेव्हा एक बाही लागली होती. दुसरी मुंढ्याला टाचून मशीनच्या सुईखाली होती. काकूंचा पाय पेडलवर. "दहा मिनिटं बस. घेऊनच जा."

अर्धी टीप झाली असेल.

बाथरूमचं दार किलकिलं झालं. मिरी आली. चालताना मागचे पाय जरा लचकत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर उडी मारली, घसरली, नखांनी धरून वर चढली. मी उठणार होते. काकूंनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

खुर्चीवरून टेबल. तिथं ती दमून उभी राहिली. मग बाहीवर तीनदा गोल फिरली आणि बसली. पाय पोटाखाली घेतले.

काकूंनी पाय पेडलवरून काढला.

"अगं, त्या पोरीला बुधवारी ब्लाउज लागणार आहे," काका दारातून म्हणाले.

"हळू बोला."

"मी आपलं सांगतोय."

"ऐकलं. चहा टाका."

आम्ही तिघांनी चहा घेतला. उभ्यानं. मशीनची सुई कापडात खुपसलेलीच होती. मिरी झोपली होती. तिच्या पाठीची कातडी श्वासाबरोबर वर-खाली होत होती. काकू ते श्वास मोजत असाव्यात.

बुधवारी आरतीला मी ड्रेस घालून गेले. ब्लाउजला अजून एकच बाही आहे.