सहाबोटीचं शेवटचं पान

अंध मुलांच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत पुस्तकं ठिपक्यांत उतरवण्याचं काम चालतं. डाव्या हाताला साधं छापील पुस्तक, समोर ब्रेलचं यंत्र, आणि जाड कागदावर एकेक अक्षर ठोकत जायचं. हे काम करणाऱ्या बाईंना मुलं ठिपकेताई म्हणत. एकोणीस वर्षं ठोकून त्यांच्या बोटांची पेरं चपटी झाली होती. स्वभावाबद्दल नवरा म्हणे, "हिनं एकदा धरलं की सोडलं असं व्हायचं नाही." हे तो कौतुकानं म्हणत नसे.

भूगोल, गणित, व्याकरण, ताईंनी सगळं ठोकलं. पण मुलांचा जीव अडकला होता सहाबोटीत. सहाबोटी म्हणजे सात पुस्तकांच्या मालिकेतली चेटकीण. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं. ज्या घरात तिच्या हाताचा ठसा दिसला, त्या घरातलं कुणीतरी सकाळी नाहीसं झालेलं असायचं. एक धीट मुलगी पहिल्या पुस्तकापासून तिच्या मागावर होती, आणि सगळी शाळा त्या मुलीच्या मागोमाग.

सहावं पुस्तक ठिपक्यांत यायला चार महिने उशीर झाला. तयार झालं त्या दिवशी ताई मोठ्या हौसेनं ते वर्गात घेऊन गेल्या. दहा वर्षांची एक मुलगी होती तिथे, वाद घालायला सदा तयार, म्हणून सगळे तिला वकिलीण म्हणायचे. तिनं पुस्तक हातातही घेतलं नाही.

"मला शेवट माहितीये," ती म्हणाली. "बसमधल्या एका मुलानं सांगून टाकला. आम्हाला नेहमी उष्टंच मिळणार का हो, ताई?"

ताईंना तो शब्द झोंबला. सातवं पुस्तक, शेवटचं, ज्या दिवशी दुकानात येईल त्याच दिवशी या मुलांच्या हातात पडलं पाहिजे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

प्रकाशकांना तीन पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग ताईंनी रजा टाकली आणि त्यांच्या कार्यालयात बाहेरच्या बाकावर ठाण मांडलं. पहिल्या दिवशी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, तर त्या खरंच दुसऱ्या दिवशी हजर. तिसऱ्या दिवशी संपादकांनी हात जोडले आणि कच्ची छापील प्रत काढून दिली.

"प्रकाशनाला तीन आठवडे आहेत. एक शब्द बाहेर जाता कामा नये."

"नवऱ्यालासुद्धा सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "तो विचारतही नाही म्हणा."

तीन आठवडे ताईंनी मान वर केली नाही. पान झालं की ते शाळेतल्या मास्तरांकडे जायचं. मास्तर जन्मापासून अंध, ठिपक्यांतल्या चुका पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ते बोटांनी वाचत मोठ्यानं बोलायचे, ताई छापील प्रतीवर नजर ठेवायच्या. दोन दिवस उरले असताना शेवटचं पान मास्तरांच्या हाताखाली आलं.

"मुलीनं थंड काचेवर हात टेकवला," मास्तर वाचत होते. "मग उचलला. काचेवर उमटलेल्या ठशाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली." त्यांनी हात पुढे केला. "हं, पुढचं पान द्या."

"संपलं, मास्तर."

"संपलं कसं? तिनं पाहिलं काय?"

"अहो, सहा बोटं! ठशाला सहा बोटं होती. लिहिलंय की."

"कुठे?"

ताईंनी छापील प्रत पाहिली. लिहिलेलं नव्हतंच! समोरच्या पानावर फक्त चित्र होतं, मुलीच्या हाताच्या ठशाचं, सहा बोटांचं. सात पुस्तकं जिचा पाठलाग केला, तीच ती झाली होती, आणि हे सांगणारं एक अक्षरही पुस्तकात नव्हतं. ताईंनी चित्र पाहिलं होतं आणि वाचल्यासारखं मनात धरलं होतं. एकोणीस वर्षं त्या चित्र आलं की 'येथे चित्र आहे' एवढं ठोकून पुढे जात; इथे तेवढंही राहिलं होतं. ही चूक डोळसालाच शक्य होती, आणि ती आजवर किती वेळा झाली असेल कोण जाणे.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एवढं काय त्यात? खाली एक ओळ लिहा. चित्रात सहा बोटांचा ठसा आहे. झालं."

"म्हणजे मीच शेवट सांगायचा? मग माझ्यात आणि त्या बसमधल्या पोरात फरक काय राहिला?"

मुख्याध्यापिकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पुढे बोलण्यात अर्थ नाही हे ओळखलं.

ताईंनी आधी जाड दोरा चिकटवून हात काढला. मास्तरांनी चाचपून विचारलं, "हे काय, झाडाची मुळं?" मग ताईंनी कापूस भरून फुगीर हात केला. मास्तर म्हणाले, "ही उशी छान झालीये. पण बाई, ठसा वर येतो की आत जातो?"

तिथे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी जाऊन त्यांनी लेकीचा डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. करंगळीशेजारी आणखी एक बोट काढलं. मग तो आकार कापून काढला आणि मधे भोक राहिलेला पुठ्ठा शेवटच्या ओळीनंतरच्या कोऱ्या पानावर चिकटवला. खोलगट ठसा तयार झाला. मास्तरांनी त्याच्या कडेनं सावकाश बोट फिरवलं. त्यांना शेवट ठाऊक होता, तरी त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"हं," ते म्हणाले. "आता झालं."

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या वेळीच, शाळेच्या मोठ्या खोलीत मुलं जमली. प्रत एकच, म्हणून सर्वांत वेगानं वाचणाऱ्या वकिलीणबाई वाचायला बसल्या. जेवणाच्या सुट्टीत कुणी उठलं नाही. दुपार कलताना ती शेवटच्या ओळीवर आली. "...कितीतरी वेळ बघत राहिली." तिनं पान उलटलं. बोटं कोऱ्या पुठ्ठ्यावरून फिरली.

"इथे काहीच नाहीये!" ती चिडून म्हणाली.

ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मुलीच्या बोटांना कड लागली. तिनं कडेचा माग काढला आणि डावा हात त्या खोलगट जागेत ठेवला. अंगठा बसला, चारही बोटं बसली. मग करंगळीच्या पलीकडे तिला आणखी एक जागा लागली, रिकामी. तिचा श्वास अडकला. सगळ्या खोलीला तो ऐकू आला.

"काय आहे? ए, काय आहे? सांग ना!" पोरांनी गलका केला.

मग तिनं हात काढून घेतला आणि ते पान पुस्तकासकट पुढे सरकवलं.

"मी नाही सांगणार," वकिलीण म्हणाली. "रांगेत या."