उजवीकडं न वळणारा ट्रक

त्या दिवशी गारखेड्यात सकाळपासून धुळीचं वारं सुटलं होतं. डोळे उघडेनात. अशा वाऱ्यात माणसं आडोसा धरून बसतात, अन् किस्से तिथंच साचतात. आमचा आडोसा म्हंजे माझा जुना ट्रक.

गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबालाच, चावीबी तिथंच. फिरवली की कधी चालू, कधी मुकी. पोरगा विलास म्हणायचा, भंगारात घाला. मी म्हणायचो, बघू. शेजारच्या रशीदाबींना शब्द दिला होता. त्यांच्या लेकीच्या संसाराचं सामान ह्याच गाडीतून खुलताबादला न्यायचं होतं.

माझा मेहुणा दत्तू म्हणाला, बॅटरी गेली. ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली. गाडी मुकीच.

"म्हंजे ट्रॅक्टरचीबी गेली," दत्तू म्हणाला.

मग एक नवीनच सुरू झालं. गाडी उजवीकडं वळवली की बंद! डावीकडं खुशाल चालायची. मी सगळ्या गावाला डावीकडून वळसे घालून बाजार गाठायला लागलो. रशीदाबी दारातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "नाना, गाडीची सासरवाडी हाय काय उजवीकडं?"

मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, अख्खा खांब बदला, अन् पार्ट तर मिळत नाय.

मला कुठं घाई होती? चावी लावून मी स्टेअरिंग बोट-बोट फिरवत बसलो, दत्तूला स्टेअरिंगमागच्या, चावी लावली की पेटणाऱ्या लाल दिव्यावर नजर ठेवायला सांगितलं. उजवीकडं गेलं की दिवा विझायचा. दांडा जरा वर उचलला की पेटायचा. खोललं तर दांडा झिजून खाली लोंबलेला, अन् आतली वायर त्याच्याखाली घासून उघडी पडलेली. वायरीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, दांड्याखाली चामड्याची चकती घातली.

मिस्त्री म्हणाला, हे चालणार नाय.

"नाय चाललं तर उतरून चालू," मी म्हणालो.

चाललं. फक्त चावी फिरवताना दांडा डाव्या हातानं जरासा उचलायचा.

मग त्या धुळीच्या वाऱ्याच्या दिवशी विलास मला न विचारता भंगारवाला घेऊन आला. मी म्हणालो, चावी आतच हाय, चालू करून घेऊन जा. तो बसला, फिरवली, परत फिरवली. घामाघूम झाला. त्यानं विचारलं नाय, मीबी सांगितलं नाय. ओढून न्यायला साखळी आणतो म्हणून गेला.

तेवढ्यात आम्ही पलंग, कपाट, भांडी चढवली अन् निघालो.

घाटात चकती सरकली. मग उजवं वळण आलं की रशीदाबी शेजारच्या सीटवरून दांडा वर धरायच्या. एका हातानं पदर, एका हातानं दांडा. अशी गाडी थेट व्याह्यांच्या दारात उभी केली. नवऱ्या मुलाचे चुलते बाहेर आले, गाडीभोवती फिरले अन् हसत म्हणाले, हे भंगार कुठून उचलून आणलं?

रशीदाबींनी दांडा सोडला नव्हता. तिथूनच म्हणाल्या, "भंगारवाला आला होता न्यायला, भाईजान. त्याच्यानं चालू झाली नाय."