दातवाल्या मावशींचे डोळे

कुणाशीही बोलताना त्या आधी दातांकडे बघत, मग डोळ्यांकडे. चहाचा कप कायम डाव्या हाताला ठेवत, कारण कामावर उजवीकडे मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या काचा मांडलेल्या असत. घरी काचा नव्हत्या, तरी कप डावीकडेच. बाहेर पडण्याआधी शिवणकाम करणाऱ्या नवऱ्यासाठी, आमच्या काकांसाठी, तीन सुया ओवून पडद्याला टोचून जात: एक पांढऱ्या दोऱ्याची, एक काळ्या, एक त्या दिवशी लागेल त्या रंगाची. मासळीबाजारात प्रत्येक टोपलीपाशी थांबत, कुठला मासा केवढा आलाय ते बघत आणि काही न घेता पुढे जात. मासेवाल्या बायका त्यांना ‘फुकटचं गिऱ्हाईक’ म्हणत. जिना उतरताना कठड्याला हात लावत नसत. अलीकडे लावू लागल्या होत्या. आणि वाईट काही सांगायचं असलं की आधी हात धुऊन येत. आपल्या धाकट्या भावाच्या आजाराची बातमी त्यांनी काकांना सांगितली तीसुद्धा ओले हात पदराला पुसत.

हे सगळं भूतकाळात लिहावं लागतंय. लिहून झालं की मी परत वाचते आणि चूक झाली असं वाटतं.

मावशी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होत्या. खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे आम्लाचा वास असायचा, म्हणून शेजारची खोली कुणी घेत नसे. किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला की त्याचा जबडा त्यांच्याकडे यायचा. त्यातला एक दात त्या काढत. आम्लात ठेवून मऊ करत, गोठवून त्याचा कागदाहून पातळ उभा काप घेत, निळ्या रंगात बुडवत आणि काचपट्टीवर बसवत. मायक्रोस्कोपखाली त्यात झाडाच्या खोडासारखे थर दिसत. वर्षाला एक. पहिला बाहेरच्या कडेला, सगळ्यात नवा आत, पोकळीलगत. ज्या वर्षी पोटभर मासे मिळाले त्या वर्षीचा थर रुंद आणि गडद. उपाशी वर्षाचा अरुंद आणि फिका. वय वाढेल तसे थर तसेही अरुंद होतात. तो फरक धरूनच त्या वाचत.

दातांवरून काय कळतं, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “समुद्राच्या तोंडात थर्मामीटर धरता येतो गं. पाणी किती तापलं ते कळतं. पण त्या पाण्यात कुणाचं पोट भरलं का, ते थर्मामीटर सांगत नाही.” पाणी तापलं की बारीक जीव कमी होतात, त्यांच्यावर जगणारे लहान मासे दुसरीकडे जातात, आणि हे सगळं शेवटी वरच्या शिकाऱ्याच्या दातावर येऊन बसतं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. संस्थेचा वार्षिक अहवाल भाषेसाठी तपासायचं काम मला त्यांनीच मिळवून दिलं. साहित्य शिकलेल्या मुलीला यातलं काय कळणार, असं मी म्हटलं होतं.

“वाक्य कुठे संपतं ते तुला कळतं. थर कुठे संपतो ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “बाकी दोघींच्याही डोक्यात उजेडच आहे.”

आमच्या इमारतीत त्या ‘दातवाल्या मावशी’. निम्म्या लोकांना त्या दातांच्या डॉक्टर वाटत. तळमजल्यावरच्या आजोबांनी एकदा जिन्यातच त्यांच्यासमोर आ केला होता. मावशींनी पिशवी खाली ठेवली, नीट वाकून बघितलं आणि सांगितलं, “आजोबा, लहानपणी तुमची खाण्याची आबाळ झालेली नाही.” आजोबा आठवडाभर खूश होते.

गेल्या काही वर्षांत किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांचे नवे थर अरुंद येत होते. एखाद्याचे नव्हे, जवळजवळ सगळ्यांचे. त्यांनी तसं अहवालात दिलं. अहवाल छापायला जाण्याआधी बाहेरचे एक परीक्षक आले. सभ्य गृहस्थ. त्यांनी वाचन कोण करतं असं विचारलं. मावशी म्हणाल्या, मी. आणखी कोण? मीच. दुसरा वाचणारा नोकरी सोडून गेला होता आणि नवा तयार व्हायला वेळ लागतो. परीक्षकांनी मान डोलावली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मग थर बारीक झालाय की तुमची नजर, हे कसं ठरवायचं?”

हे मला त्यांनीच संध्याकाळी सांगितलं. राग नव्हता. प्रश्न बरोबर होता, म्हणाल्या. तो आपल्याला आधी सुचला नाही याचीच लाज वाटत होती.

पुढच्याच आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती, उजव्यात जास्त. मोतीबिंदूने नजर पिवळसर होते आणि निळा रंग फिका दिसतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांचे काप निळ्या रंगाचे होते.

मला वाटलं होतं, मावशी खचतील. त्या जिन्यातून येताना गुणगुणत होत्या. “काविळीला जग पिवळं,” त्या दारातूनच म्हणाल्या. “सगळं माझ्याच डोळ्यांतलं असेल बघ. समुद्राला काही झालेलंच नसेल.” ज्या कामात त्यांचा जन्म गेला ते चुकीचं ठरावं, अशी त्या आशा धरून बसल्या होत्या.

विभागप्रमुख बाईंनी फेरवाचनाचा मार्ग काढला. मावशींनी तरुण डोळ्यांनी वाचलेल्या जुन्या काचा आणि नव्या काचा एकत्र मिसळायच्या. नावाच्या चिठ्ठ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. कुठली जुनी, कुठली नवी हे न कळता मावशींनी सगळ्या परत वाचायच्या. जुन्या काचांवरचे थरही आता अरुंद दिसले, तर दोष डोळ्यांचा. तेव्हाइतकेच रुंद दिसले, तर डोळे ठीक आणि समुद्रात खरंच काही बिघडलेलं. पट्ट्या चिकटवायला विभागाबाहेरचं माणूस हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं. काचा मिसळून मी पेट्यांत भरल्या.

मावशी डोळा लावून सांगत, मी लिहून घेई. त्या खोलीत आमचं दुसरं बोलणं होत नसे. कधी त्या मध्येच थांबत, चष्मा काढत, पुसत, परत लावत. एकाच थरावर इतका वेळ अडत की मी पेन खाली ठेवून बसे. एका काचेवर तर नजर टाकताच त्यांनी मान वर केली. “ही नको धरूस. हा बुडबुडा मी ओळखते. मीच ठेवला होता, घाईत.” ती काच बाजूला गेली. मी म्हटलं, एवढ्याने काय होणार होतं? त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या दातांकडे, पाहिलं आणि पुढची काच मागितली.

याच दिवसांत सुयांचं प्रकरण झालं. काका घरीच शिवणकाम करत. मावशी सकाळी सुई ओवत होत्या, मी अहवालाची पानं द्यायला आले होते. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, फिरवली आणि काकांना विचारलं, ही कुठली सुई? काका मशीनवर मान घालून बसले. मग म्हणाले, “मोठ्या नेढ्याच्या आणल्यात. बरेच दिवस झाले.” जुन्या सुया मावशींना ओवता येईनात, त्या दोरा ओला करत बसत आणि त्यांना उशीर होई, हे त्यांनी पाहिलं होतं. न बोलता डबी बदलली होती.

मला वाटलं, आता भांडण. मावशींनी काकांचा खांदा दाबला. “खरंच दिसत नव्हतं ना मला?”

“खरंच,” काका म्हणाले.

“तुमच्या तोंडात साखर पडो,” मावशी म्हणाल्या. काका माझ्याकडे बघत राहिले. नजर अधू झाल्याचं ऐकून एवढं खूश झालेलं माणूस त्यांनीही पाहिलं नव्हतं.

सगळ्या पेट्या वाचून होईपर्यंत पट्ट्या काढायच्या नाहीत, असं ठरलं होतं. शेवटची पेटी उरली तेव्हा मावशींना राहवेना. वाचलेल्या पेट्यांतल्या पट्ट्या तरी काढ, म्हणाल्या. त्या आकड्यांत आता बदल होणारच नव्हता. विभागप्रमुख बाईंनीही हरकत घेतली नाही. मी एकेक पट्टी सोलत गेले, त्या जुने आकडे बोलत गेल्या. ते त्यांना तोंडपाठ होते.

जुन्या काचांवरचे थर त्यांनी तेव्हा वाचले होते तेवढेच आताही वाचले होते. किरकोळ फरक होता, कधी इकडे, कधी तिकडे. सुईचं नेढं दिसत नव्हतं, पण मायक्रोस्कोपखालची रेष त्यांना पहिल्यासारखीच दिसत होती. नव्या काचा आताही अरुंद होत्या.

मावशी बेसिनकडे गेल्या. हात धुऊन परत आल्या. “डोळे चांगले आहेत माझे,” म्हणाल्या.

घरी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तोंड का पाडलंयस? मावशींनी सगळं समजावलं. काकांनी शिवण बाजूला ठेवली. “म्हणजे दात आहेत आणि चणे नाहीत,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, शेवटच्या पेटीत काही वेगळं निघू शकतं का? मावशी म्हणाल्या, शकतं. या वर्षीच्या अगदी ताज्या काचा उशिरा तयार झाल्या होत्या, म्हणून त्या याच पेटीत जुन्यांबरोबर मिसळलेल्या होत्या. एखादं वर्ष बरं जातं. पाणी थोडं उतरतं, मासा परत येतो. आधीही असं झालेलं आहे, त्यांनीच ते दातांवर वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर निघाल्या. काकांच्या सुया ओवायच्या राहिल्या, तेव्हा जिन्यातून परत वर गेल्या. कठड्याला धरून.

शेवटची पेटी सकाळपासून चालली होती. मावशी एकसुरात आकडे सांगत होत्या, त्यामुळे मला काही ताडता येत नव्हतं. शेवटची काच त्यांनी ठेवली. बाहेरच्या कडेकडून आत येत एकेक थर सांगितला. आतला, पोकळीलगतचा, तेवढा उरला. तिथे त्या बराच वेळ थांबल्या. उजवा डोळा मिटून पाहिलं. मग डावा मिटून.

“थांब हं,” त्या म्हणाल्या. “हात धुऊन येते.”

बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग मावशी पडल्याचा. मी पोचले तेव्हा नळ चालूच होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यात रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही, हेही त्यांनी मी न विचारता सांगितलं.

जेवायची वेळ झाली होती. जेवणाआधी माणूस हात धुतोच. हे मी काकांना सांगितलं. काकांनी मान हलवली. पडद्याला तीन सुया अजून आहेत, पांढरी, काळी आणि मातकट. ते त्या वापरत नाहीत.

विभागप्रमुख बाई म्हणतात, नवा वाचणारा तयार होईल, घाई नाही, अहवाल थांबेल. त्यांनी ती काच होती तिथेच राहू दिली आहे. मायक्रोस्कोपवर प्लास्टिकचं आवरण घातलं आहे. काल मी ते काढून आत पाहिलं. खूप निळं दिसलं, आणि त्यात रेषाच रेषा. पोकळीलगत एक फिकी कड होती. ती थराची होती की काप तिथेच संपत होता, मला सांगता येईना. पट्टी मी काढलेली नाही. त्या काचेचे सगळे थर माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत, मावशींनी सांगितले तसे. सगळ्यात आतला लिहायचा राहिला आहे.