कोठीतले साहेब

धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्यांचं मानक मराठीत काढायचं ठरलं, तेव्हा त्याचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. हेच माझं काम. आधी मी वाशिंदच्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायची. मुलगी झाल्यावर रोजचं जाणं-येणं सोडलं आणि शहापुरात घरी बसून मानकांचे मसुदे छपाईआधी तपासायला लागले. वस्तू कशी बनवायची, कशी जोडायची, काय झालं तर ती नापास, हे सांगणारी ही पुस्तकं. कुणी आवडीनं वाचत नाही; पण ज्याला वाचावी लागतात तो शब्दाला धरून चालतो. 'असावे' लिहिलं तर तो सल्ला, 'असलेच पाहिजे' लिहिलं तर सक्ती. एवढ्यावरून माझे कितीतरी फोन होतात.

कोठ्यांचा मसुदा लिहिणारे साहेब मुरबाडला राहायचे. निवृत्त इंजिनिअर, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी पाठवलेली प्रत्येक दुरुस्ती ते मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मग नाकारायचे. राग मात्र धरायचे नाहीत. भांडण झालं की फोन ठेवण्याआधी जेवलात का म्हणून विचारायचे.

जोडणीच्या कलमावर आमचं फारच अडलं. माणसापेक्षा उंच अशी मोठी कोठी शेतावर नेऊन पत्रे बोल्टनं जोडायचे असतात, तिचं ते कलम. मसुद्यात आधी लिहिलं होतं, वरचे छत बोल्टने घट्ट बसवावे. त्यानंतरची ओळ, सर्व सांधे आतील बाजूने सील करावेत. मी समासात विचारलं, छत बसवल्यावर आत जायचं कुठून? वरचं भरायचं तोंड हात जाईल एवढंच होतं, खालचं धान्य काढायचं त्याहून लहान.

साहेबांचं म्हणणं, एवढं कुणालाही कळतं. जोडणारा आधी सील करेल आणि मग छत चढवेल. मी म्हटलं, मग तसंच लिहू या. ते म्हणाले, समितीनं हा क्रम मंजूर केलाय, उगाच हलवायचा नाही. शेवटी मीच सुचवलं की एक कोठी कागदात लिहिलंय तशी जोडून बघू. ते लगेच तयार झाले. त्यांना जिंकायची खात्री होती.

मी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं मुरबाडला गेले. साहेबांच्या ओळखीचा एक फॅब्रिकेटर होता, त्याच्या शेडमध्ये पत्रे मांडून ठेवले होते. ठरलं असं, की मी वाचायचं आणि त्यानं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. पाया झाला, भिंती उभ्या राहिल्या. आतून पत्रे धरायला कुणीतरी हवं होतं. साहेबांनी चष्मा सावरला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि शिडीवरून स्वतःच आत उतरले. सीलंटची नळी सोबत घेतली. फॅब्रिकेटरनं शिडी वर ओढून घेतली. मी पुढचं वाक्य वाचलं, फॅब्रिकेटरनं छत चढवलं आणि एकेक बोल्ट आवळला.

आतून आवाज घुमत आला, "बघा बाई, करतोय ना सील? काय अडलं?"

खरंच काही अडलं नव्हतं. भरायच्या तोंडातून पडणाऱ्या उजेडात त्यांनी सगळे सांधे व्यवस्थित सील केले. मग नळी बाहेर दिली आणि फॅब्रिकेटर माझ्याकडे वळला.

"आता पुढं काय लिवलंय, ताई?"

मी पुढची ओळ वाचली. "कोठी धान्याने भरावी."

मग आतून हसू सुरू झालं. पत्र्याच्या कोठीत माणूस हसतो तेव्हा ढोल वाजल्यासारखं वाटतं. फॅब्रिकेटर खाली बसून हसायला लागला, मीही हसता हसता कागद तोंडावर धरला. हसणं ओसरल्यावर बोल्ट काढायला घेतले, तर एक इतका घट्ट बसलेला की हलेना. तोवर फॅब्रिकेटरची बायको चहा घेऊन आली. कोठीतून खोकल्याचा आवाज ऐकून ती थबकली. काय झालंय ते कळल्यावर मात्र तिनं फार विचारपूस केली नाही. स्टुलावर चढली आणि चहाचा ग्लास भरायच्या तोंडातून आत सोडला.

"घ्या दादा, गरम हाय. साखर पायजे तर सांगा."

साखर नको म्हणून आतून उत्तर आलं.

छत निघालं तेव्हा साहेब बाहेर आले. केसांत पत्र्याची पूड, बोटांना सीलंट, हातात रिकामा ग्लास. मला वाटलं, आता तरी थोडे ओशाळतील. ते मुळीच ओशाळले नाहीत. तांदळाच्या पोत्यावर बसले, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि दोन्ही वाक्यांची अदलाबदल केली. खाली नवी ओळ लिहिली: छत बसवण्यापूर्वी आत कोणी नाही याची खात्री केलीच पाहिजे. 'करावी' लिहून त्यांनी ते खोडलं होतं, हे मी पाहिलं.

समितीच्या बैठकीत क्रम का बदलला असं कुणीतरी विचारलं, तर साहेबांनी सगळी हकीकत चहासकट सांगितली. बदल एकमतानं मंजूर झाला. मानक छापून आलं तेव्हा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं, आणि वरण-भात खाता खाता शिड्यांच्या मसुद्यातल्या एका स्वल्पविरामावरून आम्ही पुन्हा भांडलो.